सोनूबाईचा हातगुण

सोनूबाईचं पत्र येऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या आणि घाडीकाकांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं.

त्यांचं पूर्ण नाव चंद्रप्रकाश घाडी. मुलुंडच्या त्यांच्या इमारतीत लहानथोर सगळे त्यांना घाडीकाका म्हणत, म्हणून आपणही तसंच म्हणू. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, आणि मुलगा पुस्तकांत गेलेला. लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत घाडीकाकांनी जन्मभर ग्रंथपालाची नोकरी केली. लोक मोजणाऱ्यांची पुस्तकं कपाटात लावायची, धूळ झटकायची, मागेल त्याला काढून द्यायची. "मी स्वतः एकही माणूस कधी मोजलेला नाही," असं ते कुणी विचारलेलं नसतानाही सांगत. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी आग्रहाला बळी पडून त्यांनी प्रौढ साक्षरता वर्गांसाठी एक चिमुकलं पुस्तक लिहिलं, 'आपण इतके सारे'. ते छापून हातात आलं तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. कुणीतरी चूक काढणार, या भीतीने ते महिनाभर टपालाची वाट पाहत नव्हते, टपाल चुकवत होते.

चूक कुणी काढली नाही. पत्र मात्र आलं. एकच. जालन्याकडच्या निमढव नावाच्या गावाहून.

ते त्यांना पाठ झालं होतं.

"साहेब, तुमचं पुस्तक आमच्या वर्गात वाचलं. त्यात लिहिलंय, आपल्या देशात चुटकी वाजवेपर्यंत एक लेकरू जन्माला येतं. मी चुटकी वाजवत बसते, पण निमढवात लेकरू जन्माला येत नाही. माझं काम बाळंतपणाचं. अर्धं गाव मी या हातांवर झेललं. शेवटचं बाळंतपण रश्मीचं. लेकरू वाचलं, रश्मी गेली. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या आळीत कुणी बाळंतपणाला आलंच नाही. लेकरं जन्मायचीच थांबली, का माझ्यामुळं थांबली? तुम्ही मोजणारे लोक. खरं काय ते लिहा. खोटा धीर देऊ नका. अक्षर मोठं काढा, माझं मला वाचायचंय. हे मी सांगितलं, लिहिलं माधुरीनं. ती नववीत आहे आणि आम्हा बायांना शिकवते. खालची सही माझी."

खाली चार अक्षरं होती. एकेक अक्षर दुसऱ्यापासून फटकून, बांधावर चार बाया लांब लांब बसाव्यात तसं. सोनूबाई.

उत्तर लिहायला घाडीकाका बसले नव्हते असं नाही. पहिल्या मसुद्यात जननदर आला, स्थलांतर आलं, दोन तळटिपा आल्या. हे एका नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला पाठवायचं? त्यांनी तो फाडला. दुसऱ्यात 'कदाचित' आणि 'बहुधा' यांच्याशिवाय काही शिल्लकच राहिलं नाही. तिसऱ्याच्या वेळी त्यांना कळून चुकलं की अडचण भाषेची नाहीच. त्यांना उत्तर माहीत नव्हतं. खेड्यांत मुलं कमी का झाली हे सांगणारी चार कपाटं त्यांनी लावली होती, पण निमढवच्या त्या आळीत बायका का आल्या नाहीत, हे कुठल्याही कपाटात नव्हतं. बाई मागत होती खरं. त्यांच्याजवळ होती सरासरी.

पत्र खाज्याच्या रिकाम्या डब्यात गेलं आणि डबा कपाटावर.

"अहो, ता पत्र अजून डब्यातच आसा मा?" सुगंधाकाकू मधूनमधून विचारत.

"आहे."

"ती बाय थंय वाट बघता आणि तुमी हंय डबो राखतास. देवळातल्या नागासारखे."

काकूंची जीभ अशी, आणि हातही तसाच चपळ. ज्येष्ठ नागरिक संघात निरोप आला की भांडुपच्या टेकडीवर पोलिओच्या रविवारी मदतीला माणसं हवीत, तेव्हा काकूंनी नवऱ्याला न विचारता त्यांचं नाव देऊन टाकलं.

"मी? मला काय येतं त्यातलं?" घाडीकाका हादरले.

"पोरांक डोस ती लोकां देतली. तुमी बसान ऱ्हवा. बसाक तर येता मा?"

तर असे घाडीकाका त्या रविवारी सकाळी डोक्यावर टोपी आणि पिशवीत पाण्याची बाटली घेऊन भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरले.

ही टेकडी त्यांनी आयुष्यभर लांबून पाहिली होती. हिरव्यावर कुणीतरी निळे-करडे पत्रे विखरून टाकावेत तशी ती दिसे. जवळ गेल्यावर कळलं की ते विखरलेले नव्हते, रचलेले होते. एका घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. एकाच्या दारातून दुसऱ्याची शिडी निघालेली, आणि त्या शिडीवर दात घासत बसलेली तिसऱ्याची मुलगी. पाण्याचे पाइप वेलींसारखे एकमेकांना धरून वर चढले होते. पायथ्याशी महापालिकेची शाळा होती. "दोन पाळ्यांत भरते काका, तरी बाक पुरत नाहीत," वाट दाखवायला आलेली मानसी म्हणाली. मानसी आरोग्य केंद्रातली मुलगी, पंचविशीची, बोलता बोलता पायऱ्या चढायची आणि चढता चढता फोनवर कुणाला तरी झापायची.

वर एका छोट्या समाजमंदिरात टेबल मांडलं होतं. आत बुद्धाची मूर्ती, बाहेर पोलिओचा पिवळा फलक, त्याच्यावर दोरीने बांधलेला फुगा. मानसीने घाडीकाकांच्या हातात जाड शाईचं एक पेन दिलं.

"डाव्या हाताची करंगळी. नखावर आणि थोडी कातडीवर, अशी. मी डोस दिला की तुम्ही खूण करायची. बास."

"आणि चुकलं तर?"

मानसीने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, करंगळी आहे ती. चुकून चुकून काय चुकणार?"

पहिली करंगळी आली ती एका झोपलेल्या बाळाची. मूठ घट्ट मिटलेली. ती उघडावी कशी हे घाडीकाकांना कळेना. आईनेच हसून आपलं बोट त्या मुठीत सरकवलं आणि मूठ फुलासारखी उमलली. नख तांदळाच्या कणीएवढं. त्यावर शाई लावताना घाडीकाकांनी श्वास रोखून धरला होता, हे त्यांना नंतर कळलं.

मग रांग लागली, आणि श्वास रोखायला वेळ उरला नाही.

बिस्किटाने चिकट झालेली बोटं आली, मातीची आली, मेंदीची आली. एकीने दहाही बोटं पुढे केली, "सगळ्याला लावा ना, नेलपॉलिशसारखं." एक पोरगा दुसऱ्यांदा उभा राहिला.

"ए, तुला मघाशी दिला ना रे?" मानसीने डोळे वटारले.

"तो मी नव्हतो. तो माझा भाऊ होता."

"थाप नको मारू हां."

त्याने पाठीमागे बोट दाखवलं. तिथे हुबेहूब तोच मुलगा निळी करंगळी चोखत उभा होता. रांग हसली. "जुळे आहेत मॅडम," कुणीतरी म्हणालं, "त्यांची आईपण एकाला दोनदा आंघोळ घालते."

घाडीकाका हसले, आणि त्यांच्या मनात काहीतरी हललं. 'शून्य ते सहा वयोगट' हा रकाना त्यांनी हजारदा पाहिला होता. तो प्रत्येक अहवालात डावीकडून तिसरा असे. तो रकाना ऊबदार असेल, त्याला दुधाचा वास येत असेल, तो आपलं बोट असं घट्ट धरून ठेवील आणि सोडणार नाही, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एक करंगळी सुटायच्या आत दुसरी पुढे येत होती. आणि रांग संपत नव्हती. ती मंदिराच्या ओट्यावरून खाली, वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गेली होती, आणि वळणापलीकडूनही रडण्या-हसण्याचा आवाज येत होता.

रांगेतल्या आयांकडेही ते पाहत होते. फलकावरचा मजकूर एक जण मोठ्याने वाचून दुसरीला चिडवत होती, "बघ, 'पाच वर्षांखालील'. तुझ्या नवऱ्याला नाही चालणार." बाळाचं कार्ड ज्यांनी आणलं होतं त्या ते स्वतः वाचत होत्या, पुढच्या लशीची तारीख मानसीला विचारून फोनमध्ये टाकत होत्या. घाडीकाकांची स्वतःची आजी मनीऑर्डरच्या कागदावर अंगठा उठवायची आणि मग तो अंगठा पदराला पुसायची. त्या पदरावरचे निळे डाग त्यांना अजून आठवत होते. इथे निळं बोट फक्त लेकरांचं होतं, आणि आया वाचत होत्या. ही गोष्ट किती मोठी आहे, हे मोठ्याने सांगावं असं त्यांना वाटलं. पण सांगणार कुणाला, आणि कसं? त्यांनी पुढची करंगळी धरली.

चहा आला तेव्हा वारा सुटला होता. पोलिओचा फलक एका बाजूने सुटून फडफडला, आणि त्याच्या मागे समाजमंदिराची मूळ पाटी दिसली.

'निमढव ग्रामस्थ बौद्धजन मंडळ, मुंबई.'

घाडीकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"मानसीबाई," ते हळूच म्हणाले, "हे निमढव म्हणजे..."

"जालन्याकडचं गाव आहे कुठलंतरी. ही अख्खी लाइन त्यांचीच. तिकडे म्हणे आता नुसते म्हातारे राहिलेत." तिने फलक पुन्हा बांधला. "चला, नेक्स्ट!"

पुढे एक तरुण बाई उभी होती, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. तिच्या मागे चाळिशी उलटलेली तिची आई, लताबाई, आणि आईच्या हाताला धरून चारेक वर्षांची मुलगी, दोन वेण्या, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

"आलीस का सपना? प्रबुद्धला आण इकडे," मानसी म्हणाली. बाळाने डोस तोंडात घेऊन अर्धा बाहेर ढकलला, पुन्हा घेतला. "आणि ही मोठी? तुझीच का गं?"

"नाही गं. रश्मीताईची. अक्षता. ये बाळा, तोंड उघड, मॅडम काय चावत नाही."

घाडीकाकांनी अक्षताची करंगळी हातात घेतली. रश्मी. निमढव. लेकरू वाचलं, रश्मी गेली.

विचारावं. आत्ता विचारावं. काय विचारणार? तुमची मुलगी ज्या बाईच्या हातून गेली तिच्यावर तुमचा राग आहे का? हे विचारायची एका परक्या म्हाताऱ्याची काय लायकी? मागून कुणीतरी म्हणालं, "ओ आजोबा, लावा की लवकर." त्यांनी शाई लावली. मुलीने बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं, फुंकर घातली, आणि ती सगळी गर्दीतून वाट काढत वरच्या पायऱ्यांकडे निघून गेली.

आणखी दोन-चार करंगळ्या झाल्या. तिसरीवर की चौथीवर शाई लावताना घाडीकाकांना एकाएकी डोळ्यांपुढे दिसली ती एक म्हातारी, ओसरीवर बसून चुटकी वाजवणारी. एक चुटकी, एक थांबणं. आणि इथे ही रांग. ते उठले. खुर्ची मागे पडली.

"काका, कुठे?"

"आलोच," असं म्हणून ते पायऱ्या चढू लागले. जन्मात पहिल्यांदा ते एखादं काम अर्धवट टाकून निघाले होते.

लताबाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. अक्षता दारातच बसून मांजराला करंगळी दाखवत होती. आत लताबाई भाजी निवडत होती, सपना बाळाला पाजून खांद्यावर थोपटत होती. दारात म्हातारा दिसताच लताबाई पदर सावरत उठली.

"या की. काय ऱ्हायलं का पोरीचं?"

"नाही, नाही. म्हणजे..." घाडीकाकांना धाप लागली होती. "मला निमढवच्या सोनूबाईंचं पत्र आलं होतं."

लताबाईच्या हातातली मेथीची जुडी खाली गेली. सपनाचा थोपटणारा हात थांबला.

"बसा," लताबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "शिव्या दिल्या आसंल मला."

घाडीकाकांना कळेना. "तुम्हाला? का?"

"मग काय आरती करंल? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही देवानं... देव कशाला, मीच."

"आई, तू सरक, मी सांगते," सपना म्हणाली. ती भराभर बोलायची, मुंबईत वाढलेली. "काका, बघा. ताई इथे होती. इथेच, या घरात. खाली उतरलं, रिक्षा पकडली की दहा मिनिटांत मोठं हॉस्पिटल. नाव घातलेलं, फाइल बनलेली. आणि सातवा सरता सरता आम्ही तिला गाडीत घालून गावाला नेली! का? तर सोनूआजीचा हातगुण."

"हातगुण व्हताच तिचा," लताबाई म्हणाली. "मही चारी लेकरं तिच्या हातावर. ही सपनी पायाळू, तरी काढली. तिच्या हातात कुणी दगावलं नव्हतं, कधीच. गावात म्हणायचे, सोनूचा हात लागला का मरण आळीबाहेर उभं ऱ्हातं. इकडं दवाखान्यात कोण वळख ना पाळख. म्हणलं, पहिलटकरीण हाये, आपल्या माणसाच्या हातात असावी." ती थांबली. "सोनूनं रश्मीच्या पोटाला हात लावला आन् मला बाजूला घेऊन म्हणली, लता, हे माझं काम नव्हं. हिला आजच तालुक्याला ने. आम्ही हसलो. मी हसले साहेब. म्हणलं, सोनू, म्हातारी झालीस, भ्यायला लागलीस."

घाडीकाका ऐकत होते. बाहेर अक्षता मांजराला सांगत होती, "पुसायचं नाही हं, पुसलं तर पोलीस येतो."

"ती पुन्हा म्हणली. तिसऱ्यांदा म्हणली. शेवटी गाडी सांगितली तवा उशीर झाला व्हता. मग तिनंच केलं जे करता येईल ते. पोरगी दिली मह्या हातात. आन् रश्मी गेली."

सपनाने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्यानंतर आमच्या लाइनमधली एकपण बाई गावाला नाही गेली. सगळ्या खाली जातात. मी पण. प्रबुद्ध इथला. आणि जायचं तरी कुणाकडे? आई इथे म्हणजे माहेर इथे. आता तर उलटंच झालंय काका, गावात दिलेल्या मुली बाळंतपणाला इकडे येतात. मागच्या लाइनला तिघी आल्यात आत्ता. एवढ्याशा खोलीत."

"राग नाही तुमचा? तिच्यावर?"

"तिच्यावर?" लताबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की घाडीकाकांना आपण काहीतरी अशुद्ध बोललो असं वाटलं. "तिच्यासमोर जायचं कोणत्या तोंडानं, म्हणून गेलो नाही. ती मनात म्हणंल, सांगितलं व्हतं ना, मह्यावर हसली ना."

मग घाडीकाकांनी पत्र सांगितलं. डबा घरी होता, पण पत्र पाठ होतं. चुटकीचं सांगितलं, दोन वर्षं सांगितली. शेवटी 'माझ्यामुळं थांबली का' हेही सांगितलं. ते वाक्य त्यांना नेहमीच जड जायचं.

लताबाईने तोंडाला पदर लावला. "येडी," ती म्हणाली. "येडी म्हातारी. दोन्हीकडून आम्ही आपापल्या घरात तोंड लपवून बसलो."

"आजी आहेत ना अजून?" हा प्रश्न घाडीकाका दोन दिवाळ्या मनात दाबत होते.

"हाये की. तो बाळा गेला व्हता गावाला, आमच्या दिराचा. म्हणतो, सोनूआजी ओसरीला बसून पेपर वाचती, मोठमोठ्यानं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवती आन् ऐकवती."

"मग फोन..."

"फोनवर मला रडू येईल," लताबाई म्हणाली. "आन् तिला वाचायचंय म्हणली ना? मग तुम्ही लिहा. मी सांगते ते घाला त्यात. मला लिहिता येत नाही, पण सही येती आता. सपनीनं शिकवली."

खालून, टेकडीच्या कुठल्यातरी पायरीवरून, मानसीचा आवाज आला. "ओ काकाऽऽ! मार्कर! मार्कर घेऊन गेलात!"

घाडीकाकांनी हातात पाहिलं. पेन खरोखरच त्यांच्या मुठीत होतं आणि अंगठा निळा झाला होता. "लागली वाट," सपना खो खो हसली, "सगळी लाइन थांबली असेल तुमच्यासाठी." लताबाईही हसली, डोळे पुसत. घाडीकाका शक्य तेवढ्या घाईने पायऱ्या उतरले. रांगेने त्यांचं टाळ्या वाजवून स्वागत केलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खुर्चीवर बसून त्यांनी पुढची करंगळी धरली.

आता रांगेतल्या बायकांना ते एकच प्रश्न विचारत होते. "तुम्ही निमढवच्या?"

"हो."

"जन्म तिकडचाच?"

"हो. सोनूआजीच्या हातचा."

दुसरी आली, तीही. तिसरी लातूरकडची होती, तिने नाही म्हटलं आणि उगीच वाईट वाटून घेतलं. चौथी, पाचवी, एक बाप मुलाला घेऊन आलेला, तोही. "सोनूआजीनं मला उलटा धरून दोन चापट्या मारल्या होत्या म्हणे," तो म्हणाला, "तेव्हा कुठे रडलो. आमची आई अजून सांगते." या सगळ्या आयाबापांना एकाच बाईने पहिल्यांदा हातात घेतलं होतं, आणि आता त्यांच्या लेकरांची बोटं एकामागून एक घाडीकाकांच्या हातात येत होती.

दुपार कलली. रांग संपली तेव्हा ते ओट्याच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. खाली टेकडीची सगळी छपरं उन्हात होती. पलीकडे पवईचे उंच मनोरे, मागे रानाची हिरवी कड. प्रत्येक छपराखाली कुणीतरी रडत होतं, गाढ झोपलं होतं, पाढे घोकत होतं. एका गच्चीएवढ्या अंगणात मुलींची लंगडी चालली होती आणि एक पोरगा पाण्याच्या टाकीवर बसून धडा वाचत होता, वारा त्याची पानं उलटत होता आणि तो ती पुन्हा उलटत होता. घाडीकाकांनी अवघडून बोटं जुळवली आणि चुटकी वाजवली. ती नीट वाजली नाही. पण तेवढ्यात कुठेतरी कुणीतरी जन्मलं होतं, हे आता त्यांना पुस्तकात वाचल्यासारखं नव्हे, अंगावरून वारा गेल्यासारखं कळलं. असं काही आपल्या देखत चाललं असताना आपण एवढी वर्षं खाली मान घालून पुस्तकांना क्रमांक लावत होतो, या विचाराने त्यांना लाज वाटावी तशी वाटली नाही. नुसतं नवल वाटत राहिलं.

ते पुन्हा लताबाईकडे गेले. तिने सांगितलं, त्यांनी टिपून घेतलं.

सोमवारी सकाळी त्यांनी टेबलावरचं सगळं उचलून बाजूला ठेवलं. सुगंधाकाकूंनी जुन्या कॅलेंडरची पानं काढून दिली, मागची बाजू कोरी. जाड पेन खालच्या स्टेशनरीवाल्याकडून आलं.

"आता माशी मारीत बसा नको. लिवा," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पण भांड्यांचा आवाज येईना. त्या दाराशीच उभ्या असाव्यात.

'कदाचित' लिहायला हात दोनदा वळला. दोनदा त्यांनी पेन उचललं. अक्षरं लिंबाएवढी काढली.

"सोनूबाई,

उत्तराला उशीर झाला.

लेकरं जन्मायची थांबली नाहीत. ती भांडुपला जन्मतात. काल मी त्यांची बोटं धरली. खूप बोटं. हात भरून गेला.

त्यांच्या आयांना तुम्ही झेललं आहे. त्या तुमचं नाव सांगतात.

तुम्ही म्हणालात, खोटा धीर देऊ नका. म्हणून खरं लिहितो. आता बाळंतपणाला तुम्हाला कुणी बोलावणार नाही. बायका दवाखान्यात जातात. ते बरं आहे. तुम्ही तेच सांगत होता. तुमचं ऐकलं नाही. आता सगळ्या तुमचं ऐकतात.

पुढचं लताबाईचं आहे.

सोनू, चूक माझी. तू सांगितलं होतंस. मी हसले. मला लाज वाटली म्हणून मी आले नाही. तुझ्या हाताला मी कधी नाव ठेवलं नाही. अक्षता चार वर्षांची होईल. रश्मीसारखी नाकावर बोट ठेवते. तिला बघायला ये. बाळा तुला घ्यायला येईल."

खाली थोडी जागा सोडली होती. ती पानं घेऊन घाडीकाका दुपारी पुन्हा टेकडी चढले. लताबाईने हात धुतले, पुसले, पेन उभं धरलं आणि सही केली. तिचीही अक्षरं एकमेकांपासून जरा लांबच बसली. अक्षताने सहीशेजारी आपली निळी करंगळी टेकवून पाहिली. काही उमटलं नाही. शाई कधीच वाळली होती.

"नाय उमटलं," ती हिरमुसली.

"ती उमटायची नसते बाळा," घाडीकाका म्हणाले, "राहायची असते." आणि आपण असं काही बोललो याचं त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते लगेच उठले.

टपाल कार्यालयापाशी सुगंधाकाकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. योगायोगाने, असं त्यांचं म्हणणं. घाडीकाकांनी पाकीट काढलं. पत्ता पुन्हा वाचला. तिकीट नीट चिकटलंय का ते बोटाने दाबून पाहिलं. उलटून पाहिलं. पुन्हा पत्ता वाचला. एखादं वाक्य फार थेट तर झालं नाही ना? 'ते बरं आहे' हे तिला कसं वाटेल?

"अहो," काकू म्हणाल्या.

"हो, हो."

त्यांनी लाल पेटीच्या फटीत पाकीट सरकवलं. कॅलेंडरच्या पानांनी ते जाड झालं होतं, क्षणभर अडकलं. त्यांनी निळ्या अंगठ्याने ते आत ढकललं, आणि तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.